साहेबाचं पान

कळवा, खाडीकाठ
फाल्गुन वद्य पंचमी (तिथी काकीने सांगितली. तारीख नोटिशीवर आहे, पण ती नोटीस पुन्हा हातात धरायची माझी इच्छा नाही.)

सन्माननीय व्याही सहदेवराव यांच्या सेवेशी काळुरामचा कळव्याहून नमस्कार. हा नमस्कार मी उभ्यानेच करतो आहे, कारण आमच्या घरातल्या एकुलत्या एका वेताच्या खुर्चीवर चढून मोजणी कचेरीच्या शिपायाने दारावर नोटीस डकवली आणि उतरताना तो त्या खुर्चीतून आरपार खाली गेला. (त्याला फारसं लागलं नाही. तरी आम्ही हळद-तेल लावलं, चहा पाजला आणि रिक्षापर्यंत पोचवला. आमच्या घराण्याची ही खोड जुनीच आहे; पुढे सांगतोच.)

तुमचे गुडघे कसे आहेत? निशा सांगत होती की डोंबिवलीचा जिना तुम्ही हल्ली उलट्या तोंडाने उतरता. चौतीस वर्षं लोकांचे बांध तुडवल्यावर गुडघे तरी किती साथ देणार? विनिताताईंना नमस्कार. जावईबापू संदेश वेळेवर जेवतात असं गृहीत धरतो. चिरंजीव सान्वीने शाळेत ‘माझ्या आजोळचं घर’ हे चित्र काढलं आणि घराखाली सगळीकडे निळा रंग दिला म्हणून बाईंनी गुण कापले असं कळलं. त्या बाईंना माझ्या वतीने सांगा की पोरीने चित्र सरकारी नकाशाबरहुकूम काढलेलं आहे.

हे पत्र कोणत्याही कामासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मुलीकडच्यांनी व्याह्यांना काम सांगू नये एवढं मलाही कळतं. सहज, खुशाली कळवावी म्हणून लिहितो आहे. खुशाली अशी की मी, माझी चुलती कमळाबाई, आमचं सहा खोल्यांचं घर, दोन पपया, वालाचा मांडव आणि मागचं खाचर, असे सगळे मिळून ठाण्याच्या खाडीच्या पात्रात राहतो आहोत. नोटिशीत तसं छापलंय. ‘आपण खाडीपात्रात अनधिकृतपणे वास्तव्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ वीस दिवसांत आम्ही पात्र मोकळं करायचं आहे. आमच्याकडे विजेचं मीटर आहे, घरपट्टीची पावती आहे, मतदार यादीत नावं आहेत. म्हणजे इतकी वर्षं या खाडीत वीज होती आणि खाडी मतदानालाही जात होती. पण ते सगळं कचेरीत चालत नाही. तिथे फक्त नकाशा चालतो, आणि नकाशा साहेबाच्या वेळचा आहे.

आता साहेबाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट काढतो. तुम्ही ती विसरला असाल असं मला वाटत नाही. अकरा वर्षांपूर्वी माजिवड्याच्या हॉलमध्ये निशा-संदेशचं लग्न लागलं. (ज्या कंपनीत मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, ती पाडून त्याच जागेवर तो हॉल उभा राहिलाय. वधूपिता म्हणून मी जिथे उभा होतो तिथे पूर्वी आमचं पंचिंगचं घड्याळ होतं.) जेवणं व्हायच्या आधी मी माइक हातात घेतला आणि खास मोजणी खात्यातल्या व्याह्यांच्या मनोरंजनासाठी आमच्या घराण्याची गोष्ट सांगितली. माझ्या पणजोबांचे वडील, नाव पंढरी. इंग्रजाने मुलूख तर घेतला, पण घेतला तो नेमका किती आणि त्यातून सारा किती निघेल हे त्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणून गावोगाव मोजणीदार साहेब धाडले. आमच्याकडे आलेल्या साहेबाबरोबर तंबू, खानसामा, तीन पायांवर उभी राहणारी पितळी दुर्बीण, निशाणं, लोखंडी साखळी आणि आंघोळीचा टब एवढा लवाजमा होता. साहेबाने आमच्या खाचराकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? पंढरीने हात जोडून सांगितलं, खाडी. आणि पुराव्यादाखल गुपचूप जाऊन बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उचललं. भरती आत आली, साहेबाचे बूट भिजले, साहेबाने निळा रंग मागवला आणि आमचं शेत खाडीत रंगवलं. त्यानंतर त्या शेतावर आमच्या घराण्याने एक दमडीही सारा भरलेला नाही.

हॉलमधली चारशे माणसं हसली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे असंही म्हणालो की व्याहीबुवांनी आमच्याकडे यावं, जेवावं, राहावं, फक्त साखळी डोंबिवलीला ठेवून यावं. तुमच्याकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर हात धुताना तुम्ही माझ्या शेजारी येऊन हळूच एक वाक्य बोललात : “काळुरामशेठ, नकाशात एकदा पाणी शिरलं की ते ओसरत नाही बरं.” मी ते विनोदाने घेतलं आणि तुमच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी आज, अकरा वर्षांनी, परत घेतो आहे.

तुम्ही कधी आमच्याकडे फाल्गुनी अमावास्येला आला नाहीत (बोलावलं होतं, तुमचे गुडघे आडवे आले), म्हणून सांगतो की त्या दिवशी आमच्या पाड्यावर या पराक्रमाचं जेवण असतं. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोऱ्यांचं कालवण, वाल. पंगत बसायच्या आधी एक केळीचं पान बांधावर नेऊन ठेवतात, खाडीकडे तोंड करून, आणि त्यावर चिमूटभर मीठ वाढतात. बाकी काही नाही. त्याला ‘साहेबाचं पान’ म्हणतात. पान ठेवलं की आम्ही बापये ओरडतो, “जेवा, साहेब!” पोरं खिदळतात आणि मग कुणीतरी गोष्ट सांगतं. गेली तीस वर्षं ती मीच सांगतो आणि माझ्यासारखी कुणाला जमत नाही. कमळाकाकी त्या दिवशी जेवत नाही. तिला चिंबोऱ्या बाधतात असं आम्ही धरून चाललो होतो. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई वर्षभर चिंबोऱ्या फोडून खाते आणि नेमकी त्याच दिवशी तिला बाधते, हा हिशेब माझ्यासारख्या टाइमकीपरला कधी खटकला नाही.

असो. मार्गशीर्षात मोजणीवाले आले. तुमच्यासारखे साखळीवाले नव्हेत, ड्रोनवाले. सगळ्या खाडीकाठाचा नवा नकाशा करायचा होता. कल्पिता नावाच्या मॅडम आणि त्यांचे दोघे सहकारी. मॅडम माझ्या निशापेक्षाही लहान, बोलायला अतिशय गोड, काका-काका करणारी. आता दारात माणसं आली की आमच्या घराण्याच्या अंगात येतं. पहिल्या दिवशी चहा. दुसऱ्या दिवशी जेवायला जिताडा मासा. (तुमच्यासाठी विनिताताईंच्या हट्टाखातर जो एकदा आणला होता, त्याच्याहून मोठा. खोटं कशाला बोलू?) त्यांच्या हातातल्या त्या काचेच्या पाटीवर ऊन पडून काही दिसेना, तेव्हा मी माझी काळी छत्री उघडून मॅडमच्या डोक्यावर धरली. तीन दिवस, सकाळी नऊ ते पाच, मी सरकारी मोजणीवर छत्री धरून उभा होतो. कुणी सांगितलं नव्हतं आणि पगार नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ‘सर’ म्हणायला सुरुवात केली आणि मी छत्री आणखी थोडी उंच धरली.

फोटो फार सुंदर आले, मॅडमनी दाखवले. वरून घराची कौलं, दोन्ही पपया, अंगणात वाल सोलणारी काकी, आणि बांधावर एक काळं वर्तुळ व त्याला लागून एक चकचकीत गोरं वर्तुळ. काळं वर्तुळ छत्रीचं, दुसरं माझ्या टकलाचं. यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता? पण पद्धत अशी की नवा फोटो साहेबाच्या नकाशावर बसवायचा आणि जिथे दोघांचं पटत नाही तिथे जुन्याचं खरं मानायचं. मॅडमचा चेहरा पडला होता. “काका, मूळ अभिलेख तोच आहे ना, आम्ही काय करणार?” तिचं बरोबर आहे. काढलेल्या नव्या नकाशात निळ्या रंगाच्या ऐन मध्यावर माझं टक्कल उन्हात चमकतं आहे.

मग सुनावणी. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तिथे साहेबाचा मूळ नकाशा पाहायला मिळाला आणि सहदेवराव, काय सांगू, मला राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं. कापडावर चिकटवलेला कागद, केसासारख्या रेघा, आणि हाताने भरलेला निळा रंग. दीडशेहून अधिक वर्षं उलटली तरी जराही विटलेला नाही. आमच्या घराला दिलेला रंग तीन पावसाळ्यांत उडतो. ज्याने तो काढला तो साहेब विलायतेला जाऊन मेला, त्याची राणी मेली, त्याचं राज्य गेलं. पण त्याने आमचा मुलूख ज्या साखळीने मोजला त्या साखळीच्या लांबी-रुंदीलाच आपण आजही गुंठा म्हणतो आणि भाऊ-भाऊ त्या गुंठ्यासाठी एकमेकांची डोकी फोडतो. तुम्हीच मला हे सांगितलं होतं, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. तेव्हा मी जांभई दिली होती.

अधिकाऱ्यांसमोर मी ठासून सांगितलं की नकाशा चुकीचा आहे, कारण आमचा पूर्वज साहेबाशी खोटं बोलला. ते म्हणाले, पुरावा? मी दरसालच्या जेवणाचे फोटो पुढे केले, साहेबाचं पान दाखवलं, आणि उत्साहाच्या भरात लग्नातल्या भाषणाचा व्हिडिओसुद्धा मोबाइलवर लावला. अधिकाऱ्यांनी तो पूर्ण पाहिला. (हसले नाहीत. मोजणी खात्यात हसायला बंदी असावी.) मग म्हणाले, म्हणजे तुमच्या पूर्वजाने शासनाची फसवणूक करून जमीन लपवली, असं आपण कबूल करता? ही जमीन पाणी असेल तर शासनाची, आणि लपवलेली असेल तरी शासनाचीच. मी घाबरून काकीला पुढे केलं. सगळ्यात जुनी माणूस, तीच सांगेल. आदल्या रात्री मी तिला पढवलंही होतं. काकीने पदर सारखा केला आणि म्हणाली, “कोनी खोटं बोल्लं नाय, सायेब. तवा पानीच व्हतं.”

माझ्या पायाखालची जमीन (जी नकाशात नाहीच) सरकली. आणि मग काकी जे बोलली ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण तिच्या शब्दांत लिहायला घेतलं की हात थांबतो. पंढरी साहेबाशी एक अक्षरही बोलला नव्हता. बोलायची सोयच नव्हती. फाल्गुनात साहेबाचा तळ पडला आणि पाड्यावरचे झाडून सगळे बापये वेठीला धरून नेले, निशाणं धरायला, साखळी ओढायला, टब वाहायला. नदीच्या कडेकडेने त्यांना थेट शहाडपर्यंत चालवलं. अमावास्या जवळ आली होती, फाल्गुनातलं उधाण सगळ्यात मोठं, आणि बांधाला एका जागी खांड पडत होती. पंढरीने साहेबाच्या कारकुनाचे पाय धरले, दोन दिवस सोडा, बांध बुजवून येतो. कारकुनाने त्याच्या हातात निशाण दिलं आणि टेकडीवर उभं केलं. साहेब दुर्बिणीतून बघत होता, निशाण हलता कामा नये. पंढरीचं निशाण हललं नाही. इकडे बांधावर त्याची बायको मालन होती. पाड्यावरच्या बायांबरोबर ती दिवसभर चिखल टाकत राहिली. संध्याकाळी बाकीच्या बाया आपापल्या पोरांना बघायला घरी गेल्या आणि ती एकटी उरली. उधाण येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी पंढरी परतला. शेत नव्हतं, बांध नव्हता, मालन नव्हती. पंधरवड्याने साहेब आमच्या पाड्यावर आला, त्याला पाणी दिसलं आणि त्याने पाणी काढलं. अगदी बरोबर नकाशा काढला त्याने.

ते पान साहेबाचं नव्हतंच कधी. ते मालनचं पान आहे. पहिल्या वर्षी घरात वाढण्यासारखं मिठाशिवाय काही नव्हतं, म्हणून मीठ. घरातल्या सुना ही गोष्ट पुढच्या सुनेला सांगत आल्या आणि बापये आपल्या पोरांना ती दुसरी. का ते मला आता कळतं. आपली बाई बुडाली तेव्हा आपण साहेबाचं निशाण सरळ धरून उभे होतो, हे लेकराला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून कुणीतरी साहेबाला फसवलं, त्याचे बूट भिजवले. आणि मी, काळुराम, आमच्या मालनच्या श्राद्धाला तीस वर्षं “जेवा, साहेब!” म्हणून ओरडतो आहे आणि पोरांना हसवतो आहे. मी काकीला विचारलं, अगं, मग बोलली का नाहीस कधी? तर म्हणाली, “तू लय रंगून सांगतंस रं काल्या. पोरा हसतान.” सहदेवराव, मला माझी लाज वाटते. याहून वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही.

अधिकारी मात्र सगळं लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, मग आजी, पाणी होतं तर जमीन कुठून आली? काकी म्हणाली, पंढरीने आणि त्याच्या पोरांनी बारा वर्षं चिखल वाहून बांध पुन्हा बांधला, बघायला साहेब पुन्हा आलाच नाही. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, ‘विनापरवाना भराव’. म्हणजे आमचा पूर्वज लबाड असला तर आम्ही चोर, प्रामाणिक असला तर आम्ही अतिक्रमणवाले. पुढची तारीख दिली आणि जाताना काकीला जिना उतरायला त्यांनीच हात दिला. माणूस वाईट नाही. कुणीच वाईट नाही हाच तर वैताग आहे, शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या तेच कळत नाही.

पत्र लांबलं. तुम्ही गुडघ्यांना तिळाचं तेल लावा, गरम करून. आमची काळजी करू नका. आमचं काहीही काम नाही, हे पुन्हा एकदा लिहितो.

तुमचा, पाण्यातला सोयरा,
काळुराम

ता. क. : निशाबरोबर सुकी करंदी पाठवली आहे. विनिताताईंना वास चालत नसेल तर गॅलरीत ठेवा, पण डबा परत पाठवा.

ता. क. २ : एक काम आहे. पुढची तारीख येत्या अमावास्येला दुपारी बाराची पडली आहे. फाल्गुनातलीच ही अमावास्या. भरती साडेबाराला पूर्ण आहे. नव्या नकाशाप्रमाणे खाडीच्या सीमेवर रोवायचे सिमेंटचे खांब आणणारे ट्रक आमच्या बांधावरून गेले, दुसरा रस्ता नाही, आणि उघाडीजवळ हात जाईल एवढी खांड पडली आहे. सकाळपासून माती टाकत राहावं लागणार. अधिकारी म्हणतात, गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी. तेव्हा सुनावणीला माझ्याऐवजी तुम्ही जाल का? तुम्हाला त्यांची भाषा येते, चौतीस वर्षं तुम्ही ती बोललात. एवढंच सांगा की नकाशा त्या दिवसापुरता खरा होता. लग्नात मी बोललो ते मनात ठेवून नाही म्हणालात तरी चालेल, माझी तक्रार नाही. पण मी जाऊ शकत नाही. काकी बांधावर येणार म्हणून हटून बसली आहे आणि आमच्या घरातल्या बाईला उधाणात बांधावर एकटं ठेवून आमचा माणूस एकदा मोजणीला गेलेला आहे.

ता. क. ३ : पान या वेळीही ठेवणार, पण सगळं वाढून. कचेरीत माझ्या नावाचा पुकारा झाला आणि काळुराम कुठे आहे असं विचारलं, तर सांगा, नकाशात दाखवल्याप्रमाणे तो पाण्यातच उभा आहे.